रोमन सत्तेनंतर ब्रिटनमध्ये लॅटिन का टिकली नाही?

औदुंबर

नमस्कार. युरोपच्या पाचव्या आणि सहाव्या शतकाविषयी वाचताना मी एका प्रश्नापाशी वारंवार अडतो आहे, म्हणून तो येथे मांडत आहे. ज्यूलियस सीझरच्या इ.स.पू. ५५ आणि ५४ मधील दोन अल्पकालीन मोहिमा बाजूला ठेवल्या, तरी सम्राट क्लॉडियसच्या सैन्याने इ.स. ४३ मध्ये ब्रिटनमध्ये पाय रोवल्यापासून इ.स. ४१० च्या सुमारास रोमन प्रशासन संपेपर्यंत साडेतीनशेहून अधिक वर्षे या बेटाचा मोठा भाग साम्राज्याचा प्रांत होता. लंडन, कोल्चेस्टर, यॉर्क आणि बाथ ही नगरे त्याच काळात उभी राहिली. इ.स. १२२ मध्ये सम्राट हेड्रियनच्या आज्ञेने उत्तरेला सुमारे ११७ किलोमीटर लांबीची तटबंदी बांधण्यास सुरुवात झाली आणि इ.स. ३०६ मध्ये कॉन्स्टंटाइनला सैन्याने सम्राट घोषित केले तेही यॉर्कमध्येच.

इतके खोल मूळ धरलेली ही संस्कृती पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत दिसेनाशी कशी झाली? शेजारच्या गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, फ्रँक लोकांनी सत्ता घेतली, पण कालांतराने त्यांनीच जित प्रजेची लॅटिन उचलली आणि तिच्यातून फ्रेंच भाषा आकाराला आली. ब्रिटनमध्ये मात्र उत्तर समुद्रापलीकडून आलेल्या अँगल्स, सॅक्सन आणि ज्यूट लोकांची भाषा रुजली आणि तिची इंग्रजी झाली. सॅक्सनांनी मूळच्या ब्रिटन लोकांची कत्तल केली आणि उरलेल्यांना वेल्सच्या डोंगरांत हाकलले, हे जुन्या पुस्तकांतील उत्तर आजचे अभ्यासक मान्य करतात का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शिलाहार

औदुंबर, आपल्या प्रश्नाचे उत्तर सॅक्सनांच्या आगमनापेक्षा त्याआधीच्या तीस-चाळीस वर्षांत अधिक सापडते, असे माझे मत आहे. रोमन ब्रिटन सॅक्सनांनी पाडले, हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो. ते बऱ्याच अंशी आधीच कोसळले होते.

हा प्रांत चालत होता तो सैन्याच्या पगारावर. साम्राज्याच्या तिजोरीतून नाणी येत, ती सैनिकांच्या हाती पडत, सैनिक धान्य, कातडी, भांडी आणि मद्य विकत घेत, आणि तीच नाणी कराच्या रूपाने पुन्हा सरकारजमा होत. या अभिसरणावर डॉर्सेटमधील काळ्या भांड्यांचे, ऑक्सफर्डशायरमधील आणि नेन नदीच्या खोऱ्यातील कुंभारांचे मोठे व्यवसाय उभे होते. त्यांचा माल शेकडो मैल दूरच्या साध्या शेतकऱ्याच्या घरीही पोहोचत असे. दक्षिण इंग्लंडमधील जमीनदारांचे व्हिला, त्यांतील चित्रमय फरसबंदी आणि गरम हवेने तापवलेल्या जमिनी यांनाही आधार याच व्यवस्थेचा होता.

इ.स. ३८३ मध्ये मॅग्नस मॅक्सिमस या सेनापतीने ब्रिटनमध्ये बंड करून स्वतःला सम्राट घोषित केले आणि सैन्य घेऊन तो गॉलमध्ये उतरला. इ.स. ४०७ मध्ये तिसऱ्या कॉन्स्टंटाइनने नेमके तेच केले. त्याआधीच, इ.स. ४०२ च्या सुमारास, ब्रिटनमध्ये नव्या नाण्यांचा नियमित पुरवठा थांबला होता. इ.स. ४०९ च्या सुमारास ब्रिटन लोकांनी रोमन अधिकाऱ्यांना हाकलून आपला कारभार आपल्या हाती घेतला, असे झोसिमस हा ग्रीक इतिहासकार सांगतो. सम्राट होनोरियसने इ.स. ४१० मध्ये ब्रिटनमधील नगरांना ‘आपले रक्षण आपणच करा’ असे कळवल्याचे त्याच्याच ग्रंथात आहे. काही विद्वानांच्या मते तो उल्लेख ब्रिटनचा नसून इटलीतील एका प्रदेशाचा असावा. पत्र कोणालाही लिहिलेले असो, त्यानंतर ब्रिटनमध्ये पगार आला नाही आणि अधिकारीही आले नाहीत.

या कोसळण्याचा वेग थक्क करणारा आहे. इ.स. १९९२ मध्ये सफोक परगण्यातील हॉक्सन येथे सोन्याचांदीची जवळपास पंधरा हजार नाणी असलेला ठेवा सापडला. त्यातील शेवटची नाणी इ.स. ४०७-४०८ ची आहेत आणि चांदीच्या बहुतेक सर्व नाण्यांच्या कडा कातरलेल्या आहेत. नवी चांदी येत नसल्याने लोक जुन्या नाण्यांच्या कडा कापून ती चांदी वेगळी काढत आणि उरलेले नाणे तसेच चालवत. याच ठेव्यात मिरपूड ठेवण्याची चांदीची चार पात्रे होती आणि त्यांपैकी एक राजस्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराचे आहे. मलबार किनाऱ्यावरची काळी मिरी सफोकमधल्या एका धनिकाच्या ताटापर्यंत पोहोचत होती, इतके ते जग जोडलेले होते. तो ठेवा ज्याने पुरला तो परत येऊन काढू शकला नाही.

त्यानंतरच्या एका पिढीत चाकावर घडवलेली भांडी दिसेनाशी होतात. कुंभाराचे चाक ही काही दुर्मिळ विद्या नव्हे, पण मालाला गिऱ्हाईकच उरले नाही तर ती विद्या मुलांना शिकवणार कोण आणि कशासाठी? दगड-चुन्याचे बांधकाम थांबले, नगरे ओस पडली, व्हिलांच्या फरसबंदीवर चुली पेटल्या. हेड्रियनच्या तटबंदीवरील बर्डोसवाल्ड येथे कोसळलेल्या धान्यकोठाराच्या जागी लाकडी सभागृह उभे राहिले. तिथल्या तुकडीचा नायक हळूहळू स्थानिक सरदार बनत गेला असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो आणि तो मला पटतो.

आता गॉलकडे पाहा. फ्रँक राजा क्लोविस पाचव्या शतकाच्या अखेरीस सत्तेवर आला तेव्हा त्याला चालू स्थितीतील नगरे, जमिनीची दप्तरे, करवसुलीची काहीशी मोडकी पण जिवंत पद्धत आणि नगरोनगरी बसलेले लॅटिनभाषक बिशप आयते मिळाले. राज्य चालवायचे तर या मंडळींशिवाय गत्यंतर नव्हते आणि त्यांची भाषा लॅटिन होती. फ्रँकांची पहिली लिखित विधिसंहिता म्हणूनच लॅटिनमध्ये आहे. आग्नेय इंग्लंडमधील केंटचा राजा एथलबर्ट याची इ.स. ६०० च्या सुमाराची विधिसंहिता मात्र इंग्रजीत आहे. इंग्रजी भाषेतील आज उपलब्ध असलेला तो सर्वांत जुना कायदा होय. केंटच्या राजाला लॅटिन कारकुनांची परंपरा वारशाने मिळालीच नव्हती, आणि माझ्या दृष्टीने आपल्या प्रश्नाचे मर्म या फरकात आहे.

वैजयंती

शिलाहार यांच्या आर्थिक विवेचनाशी मी सहमत आहे. कत्तलीचा मुद्दा त्यांनी सोडून दिला आहे, त्याविषयी लिहिते.

ती कथा मुख्यतः तीन ठिकाणांहून येते. पहिला गिल्डास. हा ब्रिटन धर्मोपदेशक सहाव्या शतकातला. त्याने आपल्या समाजाच्या पापांवर कठोर प्रवचन लिहिले आणि सॅक्सनांचे आक्रमण ही देवाने दिलेली शिक्षा आहे असे मांडले. जळती नगरे, रस्त्यांत पडलेली प्रेते हे वर्णन त्याचे आहे. दुसरा बीड, उत्तरेतील वेअरमथ-जॅरो मठाचा संन्यासी. त्याने इ.स. ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या धर्मेतिहासात गिल्डासचाच आधार घेऊन इ.स. ४४९ च्या सुमाराचे आगमन, ब्रिटनांचा राजा व्होर्टिगर्न याने सॅक्सनांना दिलेले आमंत्रण, त्यांचे पुढारी हेंगिस्ट आणि हॉर्सा हे दोघे भाऊ, आणि तीन जमातींची वाटणी असा नीटस पट मांडला. तिसरी अँग्लो-सॅक्सन बखर, जी राजा आल्फ्रेडच्या काळात नवव्या शतकाच्या अखेरीस संकलित झाली. म्हणजे घटनेनंतर चारशे वर्षांनी, वेसेक्स या दक्षिणेकडील सॅक्सन राज्याच्या राजघराण्याच्या गौरवासाठी लिहिलेली वर्षवार नोंद. आपल्याकडच्या बखरी वाचताना जी सावधगिरी आपण बाळगतो, तीच येथेही बाळगावी लागते.

या साधनांवर विसंबून एकोणिसाव्या शतकातील इतिहासकारांनी कत्तलीचे चित्र रंगवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंबक उलट टोकाला गेला आणि मूठभर लढवय्ये आले, बाकी स्थानिकांनीच त्यांची वेशभूषा आणि भाषा उचलली, असे मानले जाऊ लागले. पुराव्याशी यांपैकी कोणतेच टोक जुळत नाही.

नॉरफोकमधील स्पाँग हिल येथे दोन हजारांहून अधिक दहनांचे अवशेष मिळाले. तेथील अस्थिकलशांचे आकार आणि नक्षी उत्तर जर्मनीतील कलशांशी थेट नाते सांगतात, आणि हे दफन इ.स. ४४९ ची वाट न पाहता पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झालेले दिसते. उत्तर समुद्राच्या जर्मन किनाऱ्यावरील फेडरसन व्हिअर्डे हे मातीच्या उंचवट्यावर वसलेले गाव त्याच शतकात ओस पडले. अँगल्सचा मूळ प्रदेश आपल्या काळापर्यंत निर्जन राहिला असल्याचे बीड सांगतो. अतिशयोक्ती वगळली तरी त्यात तथ्य आहे.

इ.स. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या मोठ्या अभ्यासात मध्ययुगीन वायव्य युरोपातील ४६० व्यक्ती तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी २७८ इंग्लंडमधील होत्या. त्या काळातील पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधील व्यक्तींच्या वंशवारशाचा सुमारे ७६ टक्के भाग उत्तर समुद्रापलीकडचा निघाला. हे प्रमाण मूठभर लढवय्यांनी शक्य नाही. स्त्रियाही आल्या, कुटुंबेही आली, आणि हा ओघ दीर्घकाळ चालू राहिला. त्याच वेळी, डोव्हरजवळच्या बकलँड दफनभूमीत एकाच कुटुंबाच्या किमान चार पिढ्यांची वंशावळ जुळवता आली आणि स्थलांतरित व स्थानिक यांच्यातील विवाह त्यात प्रत्यक्ष दिसतो. शस्त्रांसह पुरलेल्या पुरुषांत दोन्ही वंशांचे लोक आढळतात. स्त्रियांच्या बाबतीत मात्र बाहेरून आलेल्या वंशाच्या स्त्रियांच्या कबरींत दागिने आणि वस्तू अधिक वेळा मिळतात. समाज एकत्र नांदत होता, पण सर्वांची पायरी एकच नव्हती.

ही पायरी कायद्यातही दिसते. वेसेक्सचा राजा इने याच्या सातव्या शतकाच्या अखेरच्या कायद्यांत पाच हाइड (हाइड हे जमिनीचे जुने माप) जमीन बाळगणाऱ्या ब्रिटन माणसाच्या वधाचा दंड ६०० शिलिंग आहे, तर इंग्रज सरदाराच्या वधाचा १,२००. ब्रिटन लोक नाहीसे झाले असते तर हा कायदा करण्याची गरजच पडली नसती. आपल्या मुलाने इंग्रज म्हणून जगावे असे अशा राज्यातील ब्रिटन बापाला वाटले असेल, तर त्यात नवल नाही. वेसेक्सच्या राजघराण्याचा मूळपुरुष मानला गेलेला सेर्डिक, त्याचे नावच ब्रिटन वळणाचे आहे, हेही लक्षात घ्यावे.

नीरा

एक मुद्दा जोडते. ‘लॅटिन टिकली नाही’ हे विधान फक्त पूर्व आणि दक्षिण भागापुरते खरे आहे.

रोमन काळात लॅटिन केवळ अधिकाऱ्यांची भाषा नव्हती. बाथ येथील सुलिस मिनर्व्हा देवीच्या पवित्र झऱ्यात शिशाच्या पत्र्यांवर कोरलेले सुमारे १३० शाप सापडले आहेत. कोणाचा अंगरखा चोरीला गेला, कोणाचे हातमोजे गेले, आणि चोराचे वाटोळे व्हावे म्हणून त्या माणसाने देवीला साकडे घातले. भाषा बोलीच्या जवळची लॅटिन आणि अक्षर निरनिराळ्या हातांचे. साध्या माणसांनी लॅटिन इतकी आपलीशी केली होती.

सत्ता गेल्यावर ही परंपरा पश्चिमेकडे जिवंत राहिली. वेल्स आणि कॉर्नवॉलमध्ये पाचव्या-सहाव्या शतकांतील लॅटिन कोरीव स्मृतिशिला मोठ्या संख्येने आहेत. वेल्समधील पेनमाखनो येथील एका शिळेवर मृताला ग्विनेथ या तेथील राज्याचा ‘नागरिक’ आणि मॅजिस्ट्रेट असलेल्या माणसाचा नातलग म्हटले आहे. सम्राटाचे राज्य संपून गेल्यावरही डोंगराळ भागातील एक कुटुंब रोमन पदव्यांनीच आपल्या माणसाचा मान राखत होते. कॉर्नवॉलमधील टिंटॅजेल येथे त्याच काळातील भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे आणि ताटांचे तुकडे विपुल मिळतात, म्हणजे व्यापाराचा धागाही पूर्ण तुटला नव्हता. वेल्श भाषेत आजही पूल, खिडकी, पुस्तक आणि चर्च यांना लॅटिनमधून आलेले शब्द आहेत.

रोमन नगरे आणि व्हिला पूर्वेला आणि दक्षिणेला दाट होते, पण रोमचा अभिमान टिकला तो जेथे रोमन वैभव सर्वांत विरळ होते तेथे. याचे कारण शिलाहार यांच्याच विवेचनात आहे, असे मला वाटते. पश्चिमेकडील समाज नाण्यांवर आणि बाजारावर फारसा अवलंबून नव्हता. म्हणून पगार थांबल्यावर तो कोसळला नाही आणि त्याचे स्थानिक राजे टिकून राहिले.

औदुंबर

तिघांचेही मनापासून आभार. नीरा यांच्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो. पश्चिमेकडे लॅटिन जाणणारे ख्रिस्ती ब्रिटन होते, त्यांचे बिशप होते, मठ होते. मग शेजारच्या इंग्रजांना ख्रिस्ती धर्म आणि त्याबरोबर लॅटिन देण्यासाठी इ.स. ५९७ मध्ये थेट रोमहून ऑगस्टीन या धर्मोपदेशकाला का यावे लागले?

वैजयंती

बीडला हा प्रश्न बोचत होता आणि ब्रिटनांनी इंग्रजांना कधी धर्मोपदेश केला नाही, हा त्याने त्यांच्यावर ठेवलेला सर्वांत मोठा दोष आहे. मला तो एकतर्फी वाटतो. ज्यांनी आपली भूमी घेतली त्यांना धर्म द्यायला कोणाचे मन सहज धजावेल? शिवाय इंग्लंडच्या मध्यभागात, पश्चिमेच्या सीमेवर, काही ब्रिटन मंडळींनी इंग्रज शेजाऱ्यांना गाजावाजा न करता धर्म दिला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. राजाचा धर्मांतर सोहळा झाला तरच बखरकार नोंद घेतो, गावपातळीवरच्या देवाणघेवाणीची नोंद कोण ठेवणार?

केंटच्या राजाला रोम जवळचे वाटण्यास कारण होते. एथलबर्टची राणी बर्था ही फ्रँक राजकन्या आणि ख्रिस्ती होती, आणि ती आपला बिशप सोबत घेऊन आली होती. खाडीपलीकडचे फ्रँक दरबार हे त्या काळी वैभवाचे माप होते. त्या वैभवाचा धर्म स्वीकारणे म्हणजे मोठ्या राजांच्या पंक्तीत बसणे. पराभूत शेजाऱ्यांकडून तोच धर्म घेण्यात तसा मान नव्हता. केंटमधील सरदार घराण्यांच्या स्त्रियांच्या सुवर्णपिनांवर जे लाल गार्नेट जडवलेले दिसतात, त्या काळातील अशा खड्यांपैकी पुष्कळसे भारत आणि श्रीलंकेतील असल्याचे रासायनिक तपासणीतून दिसून आले आहे. ते भूमध्य समुद्राच्या वाटेने फ्रँकांच्या प्रदेशापर्यंत आणि तेथून केंटमध्ये पोहोचत. केंटचे डोळे कोणत्या दिशेला लागले होते, हे त्यावरून कळते.

पोप ग्रेगरीने इ.स. ६०१ मध्ये मेलिटस या धर्मगुरूच्या हाती दिलेले पत्र बीडने जपून ठेवले आहे. मूर्ती काढा, पण देवळे पाडू नका, त्यांत तीर्थजल शिंपडून वेदी उभारा आणि बैल कापण्याचा सण संतांच्या स्मरणदिनी होऊ द्या, असा त्यातील सल्ला होता. इतक्या समजूतदार मोहिमेचा ब्रिटन बिशपांशी मात्र जम बसला नाही. ब्रिटनांनी भेटीला जाण्यापूर्वी एका एकांतवासी साधूला विचारले. तो म्हणाला, ऑगस्टीन तुम्हाला पाहून आसनावरून उठला तर तो नम्र आहे, त्याचे ऐका, आणि बसून राहिला तर ऐकू नका. ऑगस्टीन बसून राहिला आणि बोलणी फिसकटली. ईस्टरच्या तारखेची गणना आणि बाप्तिस्म्याची रीत हे वादाचे मुद्दे होतेच, परंतु दीडशे वर्षांच्या जखमेवर न उठण्याचा तो प्रसंग झोंबला असणार.

उत्तरेत आयर्लंड आणि स्कॉटलंडजवळचे आयोना बेट येथील संन्याशांनी वेगळी परंपरा आणली होती. इ.स. ६६४ मध्ये व्हिट्बी येथे मठाध्यक्षा हिल्ड हिच्या मठात झालेल्या परिषदेत राजा ओस्विउ याने ईस्टरच्या रोमन गणनेच्या बाजूने निर्णय दिला. त्यानंतर आर्चबिशप असलेला टार्ससचा थिओडोर आणि उत्तर आफ्रिकेतून आलेला हेड्रियन नावाचा मठाध्यक्ष यांनी कँटरबरीत पाठशाळा चालवली. त्यांचे काही शिष्य लॅटिन आणि ग्रीक मातृभाषेइतक्याच सहजतेने जाणत होते, असे बीड लिहितो. म्हणजे इंग्लंडमध्ये लॅटिन आली ती गुरूपुढे बसून व्याकरणाने शिकण्याची विद्या म्हणून. घरात आईच्या तोंडून ऐकलेली ती भाषा नव्हती, म्हणूनच फ्रान्सप्रमाणे तिच्यातून बोली निपजली नाही.

शिलाहार यांच्या कुंभाराच्या चाकाला जोडून एवढेच सांगते. बेनेडिक्ट बिस्कप याने इ.स. ६७४ मध्ये वेअरमथचा मठ स्थापला आणि रोमन पद्धतीचे दगडी चर्च बांधायचे ठरवले, तेव्हा त्याने गवंडी गॉलमधून आणले. पुढे खिडक्यांच्या काचांसाठी कारागीरही त्याला तेथूनच बोलवावे लागले, कारण ब्रिटनमध्ये ती कला कोणालाच येत नव्हती, आणि त्या कारागिरांनी इंग्रजांना ती नव्याने शिकवली, असे बीडने नमूद केले आहे.